आंबोली उतरून

बेळगावकरांस आंबोलीचे अप्रूप नवे नाही. लहानपणी वडिलांच्या बोटास धरून, तरुणपणी मित्रांच्या टोळक्यात आणि उतारवयात नातवंडांच्या हट्टापायी, असा निदान तीन वेळा तरी तो धबधबा पाहिल्यावाचून आपल्यांपैकी कोणाचे आयुष्य सरत नसावे. आमचे मात्र आंबोलीस थांबणे क्वचितच घडते. सौ.चे माहेर सावंतवाडीचे. त्यामुळे आंबोली हे आमच्या दृष्टीने पाहण्याचे स्थळ नसून माहेरच्या वाटेवरचा चहाचा मुक्काम होय, आणि तेथे पोचताच सौ.ची बोली एकाएकी मालवणी वळणावर जाते.

२०२४ च्या जुलैच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही उभयता निघालो तेव्हा पावसाने नुसता कहर मांडला होता. शिनोळी मागे पडली, चंदगडच्या बाजूचे काजूचे मळे पाण्याने निथळत उभे होते आणि भाताच्या खाचरांत लावणी करणाऱ्या बाया इरली पाठीवर घेऊन ओणव्या झालेल्या. आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस होतो. आपल्या शहरात त्याचा पाचवा हिस्साही धड होत नाही. तेथे उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत आपल्याच जिल्ह्यात उतरते आणि घटप्रभेस मिळते. घाटमाथ्याच्या दोन हात पलीकडे पडलेला थेंब मात्र दाणोलीच्या अंगाने कोकणात पळतो. एवढ्याशा उंचवट्याने पाण्याची वाट कोठल्या कोठे जाते, हे त्या दिवशी गाडीच्या काचेतून पाहताना सहज मनात आले. पुढल्या चार दिवसांत त्याहूनही लहान उंचवट्याशी आमची गाठ पडावयाची होती.

आम्ही जात होतो ते सुट्टीसाठी नव्हे. सौ.चे थोरले बंधू, ज्यांना आम्हीही दादाच म्हणतो, ते सुतार. सावंतवाडीचे लाकूडकाम म्हटले की बाहेरच्या माणसास चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळे आठवतात. आंबा, केळे, सीताफळ इतके हुबेहूब की पाहुण्याने एकदा तरी हात घालावा. दादांचा धंदा तो नव्हे. चौरंग, पाट, देव्हारे, झोपाळे आणि भाद्रपदापूर्वी गणपतीच्या डोक्यावर बांधावयाच्या माटवीच्या चौकटी, हे त्यांचे काम. घरामागच्या पडवीत त्यांनी वीसएक वर्षांपूर्वी एक जुने कटर मशीन आणून बसवले होते. बिडाचे मधले टेबल, त्यातून वर आलेले गोल पाते, दोन्ही बाजूंस बोल्टांनी जोडलेली बिडाचीच टेबले, आणि मागे लांब फळ्या झेलण्यासाठी दादांनी स्वतः बांधलेले लाकडी टेबल.

२०२२ च्या डिसेंबरात त्या मशीनवर दादांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गेली. तर्जनीचे पेर आणि मधल्या बोटाचे टोक. त्या दिवसापासून मशीनवर ताडपत्री पडली ती पडलीच. सौ.चा भाचा तिशीतला, हुशार, हाताचा चांगला. पण दीड वर्ष तो हातकरवतीने आणि बाजारातून कापून आणलेल्या मालावर धंदा रेटत होता. कापून आणण्याची मजुरी नफ्याचा मोठा घास घेई. त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरची, आणि चौदा चौरंग व सहा माटव्यांची मागणी त्याने अंगावर घेतलेली. वहिनींनी सौ.स फोनवर सांगितले, की बापलेक आता एकमेकांशी जेवणापुरतेच बोलतात. आम्ही उद्यमबागेतील एका कारखान्यात छत्तीस वर्षे फिटर म्हणून काढली. बिडाच्या टेबलांशी आमचा जन्मभर संबंध. तेव्हा बोलावणे आम्हांस आले यात नवल नाही.

दादांनी स्वागत नेहमीच्या अगत्याने केले. जेवणे झाली, सुपारी कातरली गेली, आणि मग त्यांनीच विषय काढून मिटवला.

"भावोजी, तुमी इलात, बरां झाला. पण ह्या मशिनीक हात लावूचो नाय."

घरचा जावई झाला तरी अशा वेळी वाद घालू नये एवढी समज आम्हांस साठीनंतर आलेली आहे. आम्ही म्हणालो, "चालवणार नाही. नुसते पाहू तर द्याल?" त्यावर ते काही बोलले नाहीत. सकाळी भाच्याने ताडपत्री काढली. आम्ही प्रथम भिंतीवरची पिन उपसली आणि वायरीचे ते टोक दादांच्या आरामखुर्चीच्या हातावर नेऊन ठेवले. ते त्यांच्या नजरेसमोर असेतो मशीन चालू होणे नाही, हे त्यांस कळावे इतकाच हेतू. त्यांनी ते टोक उचलून मांडीवर घेतले.

कटर मशीनची कटकट अशी, की लोक सारा दोष पात्याच्या माथी मारतात. पात्याची भीती रास्तच आहे. परंतु लाकूड पात्याकडे नेणारे आणि पात्यापासून पुढे घेऊन जाणारे जे टेबल, ते एका सपाटीत नसेल तर माणसाचा हात नको तेथे जातो. दादांचे तसेच घडले होते. फणसाची लांब फळी कापून मागच्या बाजूस निघाली, तिचे टोक लाकडी टेबलाच्या काठास अडले. फळी थांबली म्हणून त्यांनी जोर लावला. फळी काठावरून उसळून एकदम पुढे सुटली आणि जोरात असलेला डावा हात तिच्या मागोमाग गेला. पात्यावरचे झाकण त्या वेळी माळ्यावर होते, हेही येथे लिहिले पाहिजे. आपल्याकडे झाकण बहुधा माळ्यावरच असते.

भाच्याने आमच्या येण्यापूर्वी चोरून आठवडाभर खटपट केली होती. पाणसळ घेऊन त्याने प्रत्येक टेबल वेगवेगळे समतल केले होते. तो म्हणाला, "आतोबा, बुडबुडा सगळीकडे मधोमध आहे. तरी सांध्यावर बोट अडकतं."

चूक अगदी सामान्य आहे आणि चांगले कारागीरही ती करतात. बाजारातली साधी पाणसळ मीटरमागे अर्धा-एक मिलिमीटर फरक सहज पोटात घालते. शिवाय दोन टेबले दोन्ही समतल असून एक दुसऱ्याहून वर असू शकते, जशा घराच्या दोन पायऱ्या. मशीनचे टेबल पृथ्वीशी समांतर असण्याची गरजच नाही. ते थोडे कलते असले तरी बिघडत नाही, मात्र सारी टेबले मिळून एकच पाट झाली पाहिजेत. मधले बिडाचे टेबल हा राजा. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून बसावयाचे. पाणसळ आम्ही खुंटीस टांगून ठेवली.

आमच्यापाशी डायल गेज नव्हते. ते कारखान्याचे, निवृत्तीच्या दिवशी जमा केलेले. पण त्यावाचून अडत नाही. दादांच्या फडताळात जुन्या सागाची एक पट्टी निघाली, चार फूट लांब आणि मुरलेली. तिची कड रंध्याने सरळ केली. ती खरोखर सरळ आहे की नाही हे पाहण्याची युक्ती आमच्या उस्तादांनी शिकवलेली. फळीवर कडेने बारीक रेघ ओढावी, पट्टी उलटून तीच कड रेघेच्या दुसऱ्या अंगाने त्याच दोन टोकांस लावावी आणि पुन्हा रेघ ओढावी. दोन रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मध्ये पोट दिसले तर जेवढे दिसते त्याच्या निम्मा दोष पट्टीत. तीनदा रंधा मारल्यावर रेघा एक झाल्या. हे सारे चालले असता दादा खुर्चीतून पाहत होते. रंधा भाच्याच्या हाती वाकडा बसला तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज आला, शब्द नव्हे.

सर्वांत आधी मशीन डुगडुगते ते थांबवले. जमीन चिऱ्यांची, वर शहाबादी फरशी, चार पायांतला एक अधांतरी. टेबल कितीही जुळवले तरी खालचे धूड हलत असेल तर संध्याकाळपर्यंत सारे पाण्यात. पायाखाली प्रथम सागाची पाचर सारून अंदाज घेतला आणि मग तितक्याच जाडीची लोखंडी पट्टी घातली. कोकणात लाकडी पाचर कायमची ठेवू नये. ती आषाढात एक मापाची आणि चैत्रात दुसऱ्या.

दुपारी पाते पाहिले. टेबलात जी लांब खाच असते तिला पाते समांतर हवे. नाहीतर पात्याचा मागचा भाग लाकूड घासतो, जाळतो, कधी उचलून आपल्याच अंगावर फेकतो. खाचेत बरोबर बसणारी लाकडी पट्टी केली आणि तिच्या टोकास एक स्क्रू आडवा बसवला. पात्याच्या एका दातास खडूने खूण केली, स्क्रू त्या दातास जेमतेम टेकवला, मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पट्टीही मागे सरकवली. दात तोच ठेवण्याचे कारण असे, की पात्यातच थोडा बाक असला तर तो मापात शिरू नये. मागे जाड कागदाएवढी फट निघाली. टेबल ज्या चार बोल्टांवर बसले होते त्यांतले तीन सैल करून, चौथा जेमतेम आवळलेला ठेवून, लाकडी हातोड्याने कोपऱ्यावर टिचक्या मारल्या. एक टिचकी जास्त झाली, पुन्हा उलटी मारावी लागली. असे पाऊण तास. या कामात घाई करणाऱ्याने सरळ देवळात जाऊन बसावे.

खरी गंमत बाजूच्या टेबलांची. डावे बरे होते. उजवे बाहेरच्या कडेस खाली झुकलेले, सरळपट्टी दोन्हींवर आडवी ठेवून मागे विजेरी धरली तर कडेशी उजेडाची पाचर दिसे. हे टेबल मधल्याच्या कडेस बोल्टांनी चिकटलेले असते. त्याची बाहेरची कड उचलावयाची तर सांध्यात बोल्टांच्या खालच्या बाजूस पॅकिंग घालावे. त्याने टेबलाचा खालचा ओठ दूर ढकलला जातो आणि बाहेरची कड वर येते. कड खाली न्यावयाची असेल तर पॅकिंग बोल्टांच्या वरच्या बाजूस. उलटे घातले की दोष दुप्पट, आणि माणूस बिडास शिव्या देतो.

पॅकिंगला मापाचे काय वापरावे? वहिनींनी कपाटातून पत्त्यांचा एक जुना जोड काढून दिला. साधा पत्ता सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एका जोडातले सारे पत्ते सारखे. इतके स्वस्त माप कोठल्या कारखान्यातही मिळणार नाही. सावंतवाडीत पत्त्यांना हे काम लागावे हा योग आम्हांस मोठा मौजेचा वाटला. गंजिफा रंगवण्याची कला या गावाने आणि येथल्या राजवाड्याने जपली, दशावतारी गंजिफा १२० पानांची, गोल, हातांनी रंगवलेली. ती पाने कोणी बिडाच्या सांध्यात खुपसू नयेत हे सांगणे नकोच. आमचा जोड किराणा दुकानातला होता, आणि त्यातला बदामचा गुलाम आधीच हरवलेला.

दोन पत्ते घातले, कड वर आली पण जास्त. एक काढला. मग सांध्यापाशी उंची जुळेना. बोल्ट अर्धवट आवळून, पुढच्या टोकापासून मागे येत, नखाने सांधा चाचपीत, लाकडी ठोकळा ठेवून खालून-वरून ठोकीत गेलो. तीन वाजता पाऊस इतका वाढला की पडवीच्या पत्र्याखाली एकमेकांचे बोलणे ऐकू येईना, आणि दिवे गेले. आम्ही थांबलो. सौ. आणि वहिनींनी घावणे केले होते. भाचा पडवीतच बसून खात होता, आतल्या घरात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून आम्ही मोती तलावावर एक फेरी मारून आलो. गावाच्या मधोमध एवढे मोठे पाणी, काठाशी राजवाडा, आणि मागे नरेंद्र डोंगर ढगांत अर्धा बुडालेला. मासळीच्या बाजाराकडून जाताना गरीचा नायलॉन दोरा विकत घेतला. तो आम्हांस मागच्या टेबलासाठी हवा होता. चार फुटांची पट्टी तेथवर पुरत नाही, म्हणून दोऱ्याचा घाट.

मागचे लाकडी टेबल हेच खरे अपराधी. त्याचा माथा जुन्या प्लायचा, एका बाजूस सनमायका आणि खालून उघडा. उघड्या बाजूने दमट हवा पिऊन त्याचे काठ सनमायक्याच्या बाजूस वर वळले होते. पायही सरळ जमिनीवर, ओल शोषीत. डिसेंबरात तो काठ मशीनच्या टेबलाहून किती वर असेल हे आता सांगता येणार नाही. आम्ही पाहिले त्या दिवशी तो सात पत्ते वर होता. माथा बदलून टाकला. पाणी सोसणारे प्लाय, दोन्ही बाजूंस सनमायका, कडा रंगवलेल्या. पायांच्या टोकांत भोके पाडून लांब बोल्ट व नट बसवले, म्हणजे पाना फिरवून पाय हवा तितका उंच-बुटका करता येतो. बोल्टांखाली फरशीचे तुकडे.

मग दोरा. एकाच फळीचे, एकाच जाडीचे तीन ठोकळे कापले. एक मधल्या टेबलाच्या पुढच्या काठावर, एक मागच्या टेबलाच्या शेवटी, आणि त्यांवरून दोरा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून दोन्हीकडे बांधला. तिसरा ठोकळा हाती घेऊन दोऱ्याखालून सरकवीत जावयाचे. तो दोऱ्यास नुसता स्पर्श करतो तेथे टेबल बरोबर, दोरा उचलतो तेथे टेबल उंच, फट राहते तेथे खोल. डावीकडून, उजवीकडून आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात असे तिन्ही वेळा पाहिले, कारण टेबलास पीळ असेल तर तो कोपऱ्याकोपऱ्यांतच सापडतो. सारे जुळल्यावर मागचे टेबल आम्ही मुद्दाम दोन पत्त्यांइतके खाली घेतले. झेलणारे टेबल किंचित खाली असलेले चालते, वर असलेले केसभरही चालत नाही. पुढची कड रंध्याने उतरती केली, आणि मशीनच्या टेबलातील खाचांसमोर तशाच खाचा मागच्या माथ्यात पाडल्या, नाहीतर खाचेतली पट्टी तेथे येऊन अडली असती.

आम्ही पट्टी ठेवून पाहिले, विजेरी धरली, आणि आमच्या मते काम संपले. तेवढ्यात दादा उठून आले. वायरीचे टोक त्यांच्या उजव्या मुठीत तसेच होते. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि तो हात, ती आखूड झालेली तर्जनी, उजव्या सांध्यावरून सावकाश पुढून मागे नेली. मागच्या तिसऱ्या बोल्टापाशी थांबले.

"हंय लागता."

आम्ही विजेरीने पाहिले, काही दिसेना. भाच्याने बोट लावले, त्यालाही लागेना. मग आम्ही सिगारेटच्या वेष्टनाचा पातळ कागद पट्टीखाली घालून ओढला. सगळीकडे तो अडला, तेथे मात्र एका बाजूस निसटला. छत्तीस वर्षे फिटर असल्याचा आमचा अभिमान त्या क्षणी थोडा बसका झाला हे कबूल करतो. तिसरा बोल्ट सैल करून ठोकळ्यावर एक हलकी टिचकी मारली. दादांनी पुन्हा हात फिरवला. मग म्हणाले, आणि आमच्याकडे न पाहता मुलाकडे पाहत म्हणाले, की फळी त्या काठास लागून "टक" असा आवाज करी, तो अपघाताच्या आधी कित्येक महिने येत होता.

"तो आवाज माका ठावक होतो. मियां म्हटलंय, मशिनीची खोड आसा."

भाचा काही बोलला नाही. शिडी लावून माळ्यावर चढला आणि पात्यावरचे झाकण खाली घेऊन आला. झाकणात उंदरांनी घर केले होते. ते झाडून, पुसून, बोल्ट शोधून बसवण्यात संध्याकाळ झाली. दादांनी ढकलण्यासाठी दोन लाकडी काठ्या केल्या, टोकास खाच असलेल्या, म्हणजे शेवटच्या वीतभरात हाताऐवजी काठीने फळी सारावी. दीड वर्षात पटाशी त्यांनी प्रथमच धरली असे वहिनी नंतर म्हणाल्या. डाव्या हाताची पकड बदललेली होती, पण काम सुबक.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिन भिंतीत दादांनीच घातली. पहिली फळी आंब्याची, सहा फुटी. भाचा पुढे, आणि फळी झेलण्यास दादा मागच्या टेबलाशी. आम्ही बाजूस उभे राहिलो, पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये म्हणून. पात्याचा आवाज चढला, भुसा उडाला, आणि फळीचे टोक बिडावरून लाकडी माथ्यावर गेले. आम्ही सारे कान देऊन होतो. काही ऐकू आले नाही. दादांनी फळी उचलून कड डोळ्यासमोर धरली, मग भाच्याकडे परत सरकवली आणि हातानेच खूण केली, दुसरी आण.

त्या दिवशी अकरा फळ्या कापल्या गेल्या. रात्री बापलेक एका पंगतीस बसले. माटवीच्या चौकटीस जुन्या पद्धतीचा सांधा घालावा की स्क्रू, यावरून दोघांत जे भांडण जुंपले ते आम्ही निजेपर्यंत चालू होते. सौ. म्हणाली, घर पुन्हा माहेरासारखे वाटते.

परतताना आंबोलीस चहाला थांबलो. धुक्यात पाच हातांपलीकडचे दिसत नव्हते. आठवडाभराने भाच्याचा फोन आला. सांध्यातला पत्ता ओल धरील म्हणून आम्ही सांगून ठेवले होते, की त्याच्या जागी थंड पेयाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घाल. तो पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा, तेव्हा एका पत्त्यास तीन पट्ट्या. तसे त्याने केले होते. चौरंग बारा झाले, दोन उरले. काढलेला पत्ता काय करू, असे तो विचारीत होता. चौकटची सत्ती होती ती, तेलाचा डाग पडलेली. आम्ही म्हणालो, वहिनींना परत दे. मागून वहिनींचा आवाज आला, की एक गुलाम आधीच नाही, मेंढीकोट खेळता येत नाही, तो पत्ता मशीनपाशीच खुंटीस लावा.